दमा आणि पंपाची भीती

मंडळी, दमा म्हटला की पाठीशी उशा रचून रात्रभर अंथरुणात बसून राहिलेला माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. मला मात्र आज बोलायचे आहे ते दोन झटक्यांमधल्या, बऱ्या वाटणाऱ्या दिवसांविषयी, कारण दमा बिघडतो तो बहुधा याच दिवसांत.

दमेकऱ्याच्या श्वासनलिकांना आतून सूज असते. धूळ, धूर, ओल, सर्दी असे काही निमित्त झाले की त्या नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साचतो आणि श्वास घेण्यापेक्षाही तो सोडणे जड जाते. छातीतली घरघर ही त्या अरुंद वाटेने बाहेर पडणाऱ्या हवेची असते. झटका ओसरला की मोकळे वाटते, पण सूज बरेचदा तशीच राहते.

म्हणूनच पंपांची, म्हणजे श्वासावाटे औषध घ्यायच्या इन्हेलरची, कामे दोन आहेत. साल्ब्युटॅमॉलचा पंप, जो बहुधा निळा असतो, काही मिनिटांत स्नायू सैल करतो, पण सूज उतरवत नाही. ते काम ब्युडेसोनाइडसारख्या स्टिरॉइडच्या पंपाचे. त्याला दिवस, कधी आठवडे लागतात, आणि घेतल्याबरोबर काहीच जाणवत नाही म्हणून नेमका तोच सोडून दिला जातो. मोठ्या माणसांनी आणि किशोरवयीन मुलांनी केवळ निळ्या पंपावर राहू नये, असे जागतिक मार्गदर्शक सूचनांनी 2019 मध्ये स्पष्टपणे सांगितले आहे.

‘पंपाची सवय लागते, त्यापेक्षा गोळी बरी’ हे वाक्य मी आजही आठवड्यातून अनेकदा ऐकतो. साल्ब्युटॅमॉलच्या 4 मिलिग्रॅमच्या गोळीत 4000 मायक्रोग्रॅम औषध असते, तर पंपाच्या एका फवाऱ्यात 100. गोळीतले औषध रक्तावाटे सर्वांगात फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. फवारा थेट श्वासनलिकांत पोहोचतो. स्टिरॉइडचेही तसेच आहे.

आठवीतल्या एका मुलीला तिची आजी घेऊन आली होती. पंप आजीच्या पिशवीत, रुमालात गुंडाळलेला. ‘दप्तरात का ठेवत नाही?’ असे विचारल्यावर आजी हळूच म्हणाल्या, ‘चार लोकांनी पाहिलं, तर उद्या लग्नाच्या वेळी अडचण नको.’ मुलीला पंप घेऊन दाखवायला सांगितले. तिने मान खाली घालून घाईने तो दाबला आणि तोंडातून पांढरा धूर बाहेर आला. तो धूर म्हणजेच औषध होते. मला त्या दिवशी मनापासून वाईट वाटले, कारण चूक मुलीची नव्हती. तिला कुणी नीट शिकवलेच नव्हते. पंप हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, ओठ घट्ट मिटून एकदाच दाबत सावकाश खोल श्वास घ्यावा आणि दहा अंक मोजेपर्यंत रोखावा. हे जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावावा. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंकावी, नाहीतर तोंडात बुरशी धरते.

घरात पाहायचे ते असे: पावसाळ्यात भिंतींना आलेली ओल, गाद्या-गोधड्यांतले धूलिकीटक, बंद खोलीत जळणारी डासांची कॉइल, धूप, उदबत्ती, मिरचीच्या फोडणीचा ठसका. चादरी-अभ्रे दर आठवड्याला कढत पाण्यात धुवावेत आणि केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. तंबाखूचा धूर घरात नकोच. तिथे तडजोड नाही.

निळा पंप आठवड्यातून दोनपेक्षा अधिक दिवस लागत असेल, किंवा रात्री खोकल्याने जाग येत असेल, तर दमा आटोक्यात नाही असे समजून डॉक्टरांना भेटावे. बोलताना एक वाक्यही पुरे होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंप घेऊनही आराम पडत नसेल, तर रुग्णाला आडवे न करता बसते ठेवावे, स्पेसरमधून निळ्या पंपाचे फवारे देत देतच रुग्णालय गाठावे आणि सकाळ होण्याची वाट पाहू नये.