थंडीसाठी घडवलेला आरसा

पडद्यावर दिसतेय ती करडी भुकटी म्हणजे बेरिलियम. जेम्स वेब दुर्बिणीचा साडेसहा मीटरचा आरसा या भुकटीतून घडला.

हबल या आधीच्या अवकाश दुर्बिणीचा आरसा काचेचा. व्यास २.४ मीटर, वजन ८०० किलोंहून जास्त. त्याच पद्धतीनं साडेसहा मीटरचा आरसा केला असता, तर तो रॉकेटला झेपलाच नसता. शिवाय वेबला टिपायचे होते अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण. त्यासाठी आरसा थंडगार हवा, शून्याखाली सव्वादोनशे अंशांच्या आसपास. बेरिलियम ॲल्युमिनियमहून हलकं, पोलादाहून ताठ, आणि अशा गारठ्यात त्याचं आकुंचन जवळजवळ थांबतं. पण त्याची धूळ फुप्फुसात गेली, तर कायमचा आजार जडू शकतो. त्यामुळे प्रत्येक काम कडक बंदोबस्तात.

ओहायोमध्ये भुकटी प्रचंड दाबाखाली तापवून तिचे ठोकळे केले. अलाबामातल्या कलमन गावी ते मागच्या बाजूनं कोरले. २५० किलोंच्या ठोकळ्यातून उरले २१ किलो: पुढे पातळ पत्रा, मागे फासळ्यांची जाळी. असे अठरा षट्कोनी तुकडे, मिळून एक आरसा.

मग कॅलिफोर्नियात पॉलिश. खरी कसोटी इथे होती. खोलीच्या तापमानाला अचूक घासलेला आरसा थंडीत किंचित वाकतो. म्हणून प्रत्येक तुकडा अलाबामातल्याच हंट्सविलच्या निर्वात कक्षात गोठवला, कुठे किती वाकला ते मोजलं, आणि तो पुन्हा कॅलिफोर्नियाला पाठवला. तिथे त्या वाकण्याच्या नेमकं उलट पॉलिश केलं. म्हणजे कारखान्यातल्या उबेत आरसा मुद्दाम चुकीचा ठेवला, अवकाशातल्या थंडीत तो बरोबर यावा म्हणून! हिशेब नॅनोमीटरचा; केसाच्या जाडीचे हजारो भाग करावेत, त्यातला एक. या कामातली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच.

शेवटी सोन्याचा मुलामा. अठराही तुकड्यांना मिळून सोनं लागलं फक्त ४८ ग्रॅम.

२५ डिसेंबर २०२१ रोजी दुर्बीण निघाली. फेब्रुवारीत तिनं एका ताऱ्याकडे पाहिलं, तर तारे दिसले अठरा, प्रत्येक तुकड्याचा वेगळा. तुकड्यांमागच्या मोटरींनी त्यांना नॅनोमीटरच्या पावलांनी सरकवत एका आरशात बसवलं. १६ मार्च २०२२ रोजी जाहीर झालेल्या चित्रात तारा एकच होता, आणि त्याच्यामागे दूरदूरच्या आकाशगंगाही उमटल्या होत्या.