लहरींत लपवलेली सही

नमस्कार मंडळी, आज जीपीएसबद्दल बोलायचंय, म्हणजे फोनवरचा नकाशा नाही, वरून जो सिग्नल येतो ना त्याच्याबद्दल. वीस हजार किलोमीटरवरून येतो तो, आणि आपल्यापर्यंत पोचेस्तोवर इतका बारीक होतो की रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीत बुडून जातो. त्यातला कोड, म्हणजे चढउतारांचा ठरलेला नमुना, माहीत असतो म्हणून तो शोधून काढता येतो, पण आपल्यासारख्यांसाठीचा कोड जगजाहीर आहे, त्यावर सही, म्हणजे खरेपणाची खूण, नाही, मग कुणी तसाच सिग्नल बनवून जरा जोरात सोडला की रिसीव्हर बिचारा त्याच्यामागे जातो.

२०१३ साली टेक्सस विद्यापीठातल्या टॉड हम्फ्रीज यांच्या टीमनं भूमध्य समुद्रात हेच करून दाखवलं, मालकाच्या परवानगीनं, एका ६५ मीटर लांबीच्या यॉटवर. पडद्यावर बोट सरळ चाललेली, खाली पाण्यात मात्र वळलेली, आणि एकही अलार्म नाही! आणि हे लांबचं नाहीये, दिल्ली विमानतळाजवळ काही विमानांना खोटे जीपीएस सिग्नल मिळाले हे सरकारनं डिसेंबर २०२५ मध्ये राज्यसभेत सांगितलंय.

यावर अमेरिकेत कायमेरा नावाची युक्ती तयार झालीय, आणि मला ती फार आवडते. युरोपच्या गॅलिलिओनं, म्हणजे त्यांच्या जीपीएससारख्या यंत्रणेनं, जुलै २०२५ पासून संदेशातल्या माहितीवर सही द्यायला सुरुवात केली, चांगलंच आहे ते, पण कायमेरात खूण थेट लहरीतच असते. कोडचे काही बारीक तुकडे काढून तिथे गुप्त किल्लीनं ठरवलेले तुकडे बसवतात, कुठे बसवले तेही गुप्त. साध्या रिसीव्हरला ताकद किंचित कमी मिळते, बाकी काही कळत नाही. नोट उजेडात धरली की गांधीजी दिसतात ना तसंच हे, फक्त इथे उजेड उशिरा मिळतो. म्हणजे रिसीव्हर सिग्नल आहे तसा साठवून ठेवतो, मग किल्ली जाहीर होते, मग तो मागे जाऊन बघतो की खुणा जागच्या जागी होत्या का. नकली सिग्नलवाल्याला किल्ली मिळते तोवर त्याचा सिग्नल सोडून झालेला असतो, आणि खुणा आधीच वाचाव्या म्हटलं तर त्या खरखरीत बुडालेल्या, मोठी डिश अँटेना लावल्याशिवाय हाती लागत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये एनटीएस-३ हा प्रायोगिक उपग्रह वर गेला तो हे तपासायलाही.

किल्ली उपग्रहाकडूनच घ्यायची तर तीन मिनिटं थांबावं लागतं. विमानाला एवढं थांबणं परवडत नाही, म्हणून काही सेकंदांत तपासणारा प्रकारही आहे, पण त्याला किल्ली इंटरनेटसारख्या दुसऱ्या वाटेनं आणावी लागते. मला सारखे आपले रत्नागिरी-मालवणकडचे मच्छीमार आठवतात, जीपीएसच्या पॉइंटवर भरवसा ठेवून रात्रीचे आत जातात, तिथे नेट कुठलं. पण होडीला तीन मिनिटं चालतात हो.