एकशेवीस सकाळी

[दृश्य: द्राक्षबागेतली ओळ. पानांवर दव. लांबून मोटरचा आवाज.]

निफाड तालुक्यातली ही बाग. सकाळी साडेसातला इथे एक मुलगी येते. पाठीला कॉलेजची सॅक, हातात फोन. ओळीच्या तोंडाशी जो लोखंडी अँगल आहे, त्याला सुतळीने एक फळी करकचून बांधलेली आहे आणि फळीवर दोन खिळे ठोकलेले आहेत. त्या दोन खिळ्यांच्या मधे फोन आडवा बसतो. ती एक फोटो काढते. एकच. मग फोन सॅकमध्ये टाकते आणि नाशिकची एसटी गाठायला रस्त्याकडे निघते.

आम्ही पहिल्यांदा आलो तेव्हा बाग फुलोऱ्यात होती. तिचा पहिला फोटो मात्र ८ ऑक्टोबरचा, गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली त्या दिवसाचा. त्यात नुसत्या काड्या आहेत. शेवटचा फोटो ४ फेब्रुवारीचा, माल तुटण्याच्या आदल्या सकाळचा. एकशेवीस दिवस, एकशेवीस फोटो. सिनेमाच्या नेहमीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला २४ चित्रं या हिशेबाने ते लावले, तर होतात पाच सेकंद.

ही मुलगी नाशिकच्या एका कॉलेजात पत्रकारिता आणि जनसंज्ञापन शिकते, दुसऱ्या वर्षाला. सरांनी वर्गाला एक मिनिटाचा व्हिडिओ करायला सांगितला होता, विषय कुठलाही. हिला विषय घरातच मिळाला. दरवर्षी बागेत उभं राहून वडील आणि काका वाद घालतात. "मागच्या साली या तारखेला घड एवढा होता." "नाही, याच्या निम्मा होता." दोघेही हाताने घड दाखवतात आणि दोघांच्याही हातातला घड वेगळा असतो. "म्हटलं, या वर्षी पुरावाच ठेवते," ती म्हणाली.

[दृश्य: पांडवलेणीचा डोंगर. पायथ्याचं फाळके स्मारक.]

तिला तेव्हा माहीत नव्हतं, पण तिच्याच जिल्ह्यातल्या एका माणसाने हे शंभराहून जास्त वर्षांपूर्वी केलं होतं. धुंडिराज गोविंद फाळके. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७०चा. १९१२ साली ते लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. कॅमेरा आला, पण सिनेमा काढायला पैसा नव्हता. ज्याच्याकडून पैसा मिळायचा, त्याला हे यंत्र काय करतं ते आधी डोळ्यांनी दिसायला हवं होतं. फाळक्यांनी कुंडीत एक वाटाणा पेरला. कॅमेरा समोर रोवला आणि महिनाभर थोडी थोडी फिल्म उघडत राहिले. पडद्यावर लावल्यावर वाटाण्याला कोंब आला, कोंबाचं रोप झालं, बघता बघता वर चढलं. पैसे मिळाले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांसाठी लागला आणि त्याच वर्षी फाळके आपलं काम घेऊन नाशिकला आले.

आज फोनमध्ये 'टाइमलॅप्स' असं बटण असतं. वाटाणा त्या बटणाचा पूर्वज आहे.

फाळक्यांच्या हत्यारांची गोष्ट निघाली की मला कॅमेऱ्याच्या आधी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई आठवतात. कोरी फिल्म यायची ती कडेला भोकं न पाडलेली. ती भोकं अंधारात बसून, हाताने पाडावी लागत. ते काम सरस्वतीबाईंनी केलं, फिल्म धुण्याची रसायनंही त्यांनी कालवली. घरातली स्वयंपाकपाणी आणि माणसांची सगळी उस्तवार सांभाळून. पुढे फाळक्यांनी सिनेमा कसा तयार होतो हेच दाखवणारी एक छोटी फिल्म केली. तिचे उरलेले तुकडे आजही बघायला मिळतात. त्यात फाळके फिल्मची पट्टी हातात धरून निरखताना दिसतात. पडद्यामागचं दाखवणारे जे व्हिडिओ ही मुलं रोज बघतात, त्याच घराण्यातली ही फिल्म.

[दृश्य: कॉलेजातली खोली. बाकं सरकवून गोल केलेली. मुलं-मुली.]

आम्ही वर्गाला पहिला प्रश्न विचारला: शेवटचा सिनेमा कुठे पाहिलात?

सिन्नरहून रोज येणारा मुलगा म्हणाला, "एसटीत. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. एक सिनेमा दोन दिवस पुरतो. खिडकीशी जागा मिळाली नाही तर तीन." थिएटरला जातोस का, विचारलं. "मोठा सिनेमा असेल तर. तिकीट, पेट्रोल, वर खायचं. चौघं गेलो तर आठवड्याचा डबा गेला."

मागच्या बाकावरची एक मुलगी मल्याळी सिनेमे बघते, इंग्रजी सबटायटल वाचत. तिच्या मते मराठी सबटायटल मिळाली असती तर तिची आईही शेजारी बसली असती. हे वाक्य ती सहज बोलून गेली. आम्ही ते दोनदा ऐकलं.

दहा मिनिटांत अख्ख्या सिनेमाची गोष्ट सांगून टाकणारे व्हिडिओ बरेच जण बघतात. "वेळ वाचतो," एक जण म्हणाला. त्यावर पलीकडून लगेच आलं, "शेवट कळला म्हणजे सिनेमा कळला का? तुला लग्नाचं जेवण कुणी तोंडी सांगितलं तर पोट भरेल?" वर्ग हसला, पण पहिला मुलगा मागे हटला नाही. त्याचं म्हणणं, असले व्हिडिओ बघूनच त्याने तीन जुने सिनेमे शोधून पूर्ण पाहिले. दोघांचंही खरं असू शकतं.

मग बोलणं छोट्या व्हिडिओंवर आलं. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली तेव्हा ही मुलं शाळेत होती. जुलैत इन्स्टाग्रामचे रील्स आले, सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स. एवढ्या झटपट झालेला तो बदल या मुलांना ऋतू पालटावा तसा आठवतो. शॉर्ट्सची मर्यादा आधी एक मिनिटाची होती, १५ ऑक्टोबर २०२४पासून ती तीन मिनिटांची झाली. यावर वर्गात सरळ दोन तट पडले. "तीन मिनिटं कोण थांबतं?" हा एक. "तीन मिनिटांत गोष्ट मावते, एका मिनिटात फक्त गंमत मावते," हा दुसरा.

सटाण्याकडचा एक मुलगा तोवर गप्प होता. तो अहिराणीत रील्स करतो. त्याची आजी, शेजारचा किराणावाला आणि तो स्वतः, एवढेच कलाकार. "शाळेत अहिराणी तोंडातून निघाली की सर ओरडायचे. आता मी 'काय करी ऱ्हायना भो' एवढं म्हटलं तरी लोक थांबतात. सुरतेहून, पुण्याहून मेसेज येतात, आमच्या घरचं बोलणं ऐकलं म्हणून." चालू असलेलं ट्रेंडिंग गाणं लावशील का, असं विचारल्यावर त्याने मान हलवली. "गाणं लावलं तर आजीचा आवाज दबतो."

कॅमेऱ्यापुढे आपल्या घरची बोली बोलायला लाज न वाटणं, हे या फोनांनी केलेलं मोठं काम आहे असं मला मनापासून वाटतं. त्याआधी पडद्यावरचं गाव बहुतेक वेळा शहरातल्या लेखकाच्या कानाने बोलायचं.

[दृश्य: फोनच्या पडद्यावर बोटं. एडिटिंगच्या पट्ट्या पुढे-मागे सरकताना.]

हत्यारं विचारली तर यादी पटकन येते. किनेमास्टर, इनशॉट, व्हीएन. कुणाकडे बरा कॉम्प्युटर असेल तर डाविंची रिझॉल्व्ह, कारण त्याची फुकट आवृत्ती मिळते. अंगठ्याने कट मारण्यात ही मुलं इतकी तरबेज आहेत की बघत राहावं. आवाजाकडे मात्र दुर्लक्ष. वारा, भोंगे, पंखा, सगळं तसंच. अहिराणीवाला तेवढा शंभरदा आवाज तपासतो.

तयार टेम्प्लेटबद्दल बोलताना कुणीच अडखळलं नाही. फोटो टाकले की ठेक्यावर आपोआप बदलतात, वाढदिवसाला बरं, असं सगळ्यांचं मत. बागेवालीने एक टेम्प्लेट लावून पाहिलं होतं. तिचा वेल ठेक्यावर उड्या मारायला लागला. तिने ते काढलं. आपोआप उमटणाऱ्या अक्षरांनी 'छाटणी'ची 'चटणी' केली, तेव्हा तिने एकेक शब्द हाताने टाइप केला.

वर्गातल्या एका मित्राने तिला सांगितलं होतं, "एआयला सांग, पाच मिनिटांत वेल वाढवून देईल." त्याने आमच्यासमोर तसं करूनही दाखवलं. चित्र सुंदर होतं. ऊन सोनेरी, पानं तुकतुकीत. काडीवर पान आलं आणि पानाशेजारी एकदम पिकलेला घड लागला. ती म्हणाली, "फुलोरा कुठे गेला?" मित्राने पुन्हा बघितलं. फुलोरा खरंच नव्हता. त्याने आयुष्यात द्राक्षाचा फुलोरा पाहिलेला नव्हता, म्हणून त्याला तो नसल्याचं जाणवलंही नव्हतं. पुढच्या रविवारी तो बागेत आला.

[दृश्य: मालेगाव. यंत्रमागांची खडखड.]

याच जिल्ह्यात मालेगाव आहे. तिथे नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी गाजलेल्या हिंदी सिनेमांच्या आपल्या आवृत्त्या काढल्या. यंत्रमागांच्या गावात, साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर. ट्रॉली नव्हती तर सायकल घेतली. क्रेन नव्हती तर बैलगाडी वर-खाली केली. सरांनी वर्गाला त्यांच्यावरचा २००८चा माहितीपट दाखवला. दिवे लागल्यावर कुणीतरी म्हणालं, "आपल्याकडे तर गिंबल आहे." गिंबल म्हणजे चालतानाही फोन स्थिर धरणारा दांडा. आणि सिन्नरच्या मुलाने विचारलं, "मग आपण कॅमेरा अजून जागचा का हलवला नाही?" त्याने त्या आठवड्यात एसटीच्या मागच्या खिडकीतून पळता रस्ता शूट केला. वाहकाने त्यासाठी त्याला शेवटच्या सीटवर जागा करून दिली.

[दृश्य: पुन्हा वर्ग. भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड.]

फेब्रुवारीत बागेचे पाच सेकंद भिंतीवर लागले. काड्या, पोंगा म्हणजे नुकता फुटलेला डोळा, पान, घड, फुलोरा, हिरवे मणी, मण्यात उतरलेलं पाणी. संपलं. कुणी काही बोलायच्या आत पहिल्या बाकावरून आवाज आला, "परत." परत लावलं. "अजून एकदा." असं सात-आठ वेळा झालं.

मग चर्चा. वेग फार आहे, सेकंदाला बारा चित्रं ठेव, दहा सेकंद होतील, असं बहुतेकांचं मत पडलं आणि ते तिने मानलं. पहिल्या सेकंदातच बघणाऱ्याला पकडायचं असेल तर पिकलेला घड आधी दाखव, मग मागे जा, हा सल्ला तिने मानला नाही. "घड आधीच दिसला तर काड्या कोण बघेल?"

खरी वादावादी तीन चित्रांवरून झाली. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. त्या दिवसांत तिची परीक्षा होती आणि ती नाशिकला मैत्रिणीकडे राहिली होती. फोटो वडिलांनी त्यांच्या फोनवर काढले. रंग पिवळट, चौकट तिरकी. तिथे सगळा वेल दचकल्यासारखा होतो. "काढून टाक, तीनच आहेत, कुणाला कळणार नाही." "रंग दुरुस्त कर." "आधीचं चित्र तीनदा लाव." सगळे उपाय दोन मिनिटांचे होते आणि सगळे बरोबर होते. तिने वहीत लिहून घेतले.

[दृश्य: संध्याकाळ. घराचा ओटा. लॅपटॉप. वडील चष्मा लावतात.]

वडिलांनी पहिल्यांदा पूर्ण पाहिलं. काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "थांबवता येतं का हे?"

आणि पुढचा तासभर ते बाग वाचत बसले. एकेक चित्र. पेस्टिंग केलं, म्हणजे डोळे फुटावेत म्हणून काड्यांना औषध लावलं, तो दिवस. डिपिंगचा, म्हणजे घड औषधात बुडवण्याचा दिवस. ढगाळ हवा आली तो आठवडा. एकाहत्तराव्या चित्रावर त्यांनी बोट टेकवलं. उजवीकडच्या खालच्या पानावर एक फिकट डाग होता. आम्हाला तो सांगूनही दिसेना. "भुरी. इथंच दिसत होती की. मी फवारा मारला तीन दिवसांनी." भुरी म्हणजे वेलीवरचा बुरशीचा रोग. तेवढ्यात काका आले. मागच्या वर्षीचा घड किती होता, तो वाद मिटला नाही, कारण मागच्या वर्षीचे फोटो नव्हतेच. पण पुढच्या ऑक्टोबरला फळी कुठे बांधायची ते दोघांनी तिथेच ठरवलं: जरा खाली, म्हणजे पानाची खालची बाजू दिसेल.

हे सगळं बोलणं तिच्या फोनमध्ये रेकॉर्ड होत होतं. तिचा एक मिनिट तिथे पूर्ण झाला. आधी दहा सेकंद बाग, आवाजाशिवाय. मग तीच बाग पन्नास सेकंद, वडील थांबवतील तिथे थांबत, त्यांच्या आवाजात. एकशेवीसच्या एकशेवीस चित्रं जागेवर आहेत. बासष्टाव्याशी व्हिडिओ थांबतो. कोपऱ्यात काहीतरी लालसर आडवं आलेलं आहे.

"हे काय गं मधेच?"

"तुमचा अंगठा, पप्पा."

[चित्र पुढे सरकतं. चौसष्टावी सकाळ.]