लाउंड्स काउंटीचा काळा पँथर

पडद्यावर दिसतो आहे तो अलाबामा राज्यातला महामार्ग क्रमांक ८०. सेल्माहून मॉन्टगोमेरीला जाणारा हा रस्ता लाउंड्स काउंटी ओलांडतो. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा राज्याचा विभाग. मतदानाच्या हक्कासाठी निघालेली मार्टिन ल्यूथर किंग यांची पदयात्रा मार्च १९६५ मध्ये याच रस्त्याने गेली. लोकांच्या लक्षात राहिले ते सेल्मा. लाउंड्सचे नाव फारसे कोणी घेत नाही. मात्र अमेरिकेत मतदार यादी, पक्ष आणि सत्ता यांची सांगड कशी बसते हे पाहायचे असेल, तर या लहानशा काउंटीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

१९६५ च्या आरंभी इथल्या दर पाच माणसांपैकी चार कृष्णवर्णीय होती आणि मतदार यादीत त्यांच्यापैकी एकाचेही नाव नव्हते. गोऱ्यांच्या बाबतीत मात्र यादी इतकी उदार होती, की काउंटीत जेवढे प्रौढ गोरे राहत होते त्यांहून अधिक तिच्यात नोंदलेले होते. वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारता येणार नाही, असे सांगणारी पंधरावी घटनादुरुस्ती १८७० सालीच झाली होती. परंतु मतदाराची पात्रता ठरवणे आणि निवडणुका घेणे हे काम अमेरिकेच्या राज्यघटनेने मुख्यत्वे राज्यांवर सोडले आणि राज्यांनी त्यातले बरेचसे काउंटीच्या कचेऱ्यांवर. भारतात मतदार यादी तयार करण्याची जबाबदारी निवडणूक आयोगाची असते; अलाबामात नागरिकानेच कचेरीत जाऊन नाव नोंदवून घ्यायचे होते. ही कचेरी महिन्यातून दोन सोमवारी उघडत असे. तिथे अर्जदाराला राज्यघटनेच्या कलमांचा अर्थ सांगायला लावत आणि उत्तर बरोबर की चूक, हे समोर बसलेला अधिकारी ठरवी.

काउंटीतलेच कृष्णवर्णीय रहिवासी जॉन ह्युलेट आणि त्यांचे काही डझन सोबती १ मार्च १९६५ रोजी काउंटीचे मुख्यालय असलेल्या हेनव्हिल गावातल्या या कचेरीत गेले, तेव्हा त्यांना परत पाठवण्यात आले. ६ ऑगस्ट रोजी मताधिकार कायद्यावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांची सही झाली, साक्षरतेच्या चाचण्या बंद झाल्या आणि काही दिवसांतच केंद्र सरकारचे नोंदणी अधिकारी काउंटीत येऊन बसले. नावे भराभर चढू लागली. त्याची किंमत ज्यांच्याकडे स्वतःची जमीन नव्हती त्यांनी मोजली. नाव नोंदवले म्हणून मालकांनी घराबाहेर काढलेली कुळे याच महामार्गाच्या कडेला तंबू ठोकून राहिली आणि त्या तंबूंवर रात्री गोळ्या झाडल्या गेल्या.

आता मत होते, पण ते द्यायचे कोणाला? अलाबामात सत्ता डेमोक्रॅटिक पक्षाची होती. ज्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाने हा कायदा केला, त्याच पक्षाच्या अलाबामा शाखेचे मतपत्रिकेवरचे चिन्ह पांढरा कोंबडा होते आणि त्याच्यासोबत ‘गोऱ्यांचे वर्चस्व’ हे शब्द छापलेले असत. हे कोडे वाटेल. पण अमेरिकेतले पक्ष म्हणजे दिल्लीहून तिकिटे वाटणारे आपल्याकडचे पक्ष नव्हेत. राज्याराज्यांतल्या संघटनांची ती सैल मोट असते, आणि उमेदवार ठरतो तो श्रेष्ठींच्या बैठकीत नव्हे, तर ‘प्रायमरी’ म्हणजे प्राथमिक निवडणुकीत मतदारांच्या मतांनी. लाउंड्समध्ये या प्रायमरीत उतरण्याचे शुल्कच ५० डॉलरवरून ५०० डॉलरवर नेण्यात आले.

‘स्निक’ या विद्यार्थी संघटनेचे कार्यकर्ते तोवर स्टोकली कारमायकल यांच्यासोबत काउंटीत मुक्काम ठोकून होते. संघटनेच्या संशोधकांनी अलाबामाचे कायदे चाळले, तेव्हा त्यांना एक अडगळीतली तरतूद सापडली. प्रायमरीच्याच दिवशी नोंदणीकृत मतदारांची सभा भरवून उमेदवार निवडले, तर काउंटीपुरता स्वतंत्र पक्ष उभा करता येत होता आणि निवडणुकीत वीस टक्के मते मिळवली, तर त्याला रीतसर मान्यता मिळत होती. पक्षाला चिन्ह हवे होते, कारण न वाचता येणाऱ्या मतदाराला खूण पटली पाहिजे. आपल्याकडे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत चिन्हे आली तीही याच कारणाने. अटलांटातल्या एका महाविद्यालयाचे बोधचिन्ह पाहून काळा पँथर रेखाटण्यात आला आणि ३ मे १९६६ रोजी हेनव्हिलच्या एका चर्चपाशी जमलेल्या शेकडो माणसांनी, ज्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी मत दिले नव्हते, आपले उमेदवार निवडले.

ही पदे होती शेरीफ म्हणजे काउंटीच्या पोलिसांचा प्रमुख, कर आकारणी आणि वसुलीचे अधिकारी, शिक्षण मंडळाचे सदस्य. अमेरिकेत ही माणसे वरून नेमली जात नाहीत, निवडून येतात. म्हणून लाउंड्सच्या शेतमजुराला व्हाइट हाउसमध्ये कोण बसतो यापेक्षा शेरीफ कोण, हा प्रश्न जवळचा होता. रात्री दारावर थाप पडे ती शेरीफच्या माणसांची.

नोव्हेंबर १९६६ मध्ये पँथरचे सातही उमेदवार पडले. जमीनमालकांनी आपल्या कुळांना ट्रकमध्ये घालून मतदान केंद्रावर आणले होते. तरीही वीस टक्क्यांची अट सहज पार झाली, आणि १९७० साली जॉन ह्युलेट शेरीफ म्हणून निवडून आले. त्या पदावर ते दोन दशकांहून अधिक काळ राहिले.

पँथर मात्र काउंटीबाहेर पडला होता. ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्षाने तो उचलला, आणि त्या पक्षाच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. वरळी-कामाठीपुऱ्यात गाजलेल्या या नावाचे मूळ एका मतपत्रिकेत आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते.

१९६५ च्या कायद्यानुसार अलाबामासारख्या राज्यांना निवडणुकीच्या नियमांत बदल करण्याआधी केंद्राची परवानगी घ्यावी लागे. २५ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अलाबामाच्याच शेल्बी काउंटीच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ही अट निष्प्रभ केली. त्यानंतर अलाबामात मतदानासाठी छायाचित्र असलेले ओळखपत्र सक्तीचे झाले, आणि २०१५ मध्ये राज्याने खर्चकपातीचे कारण देऊन वाहन परवाने देणारी ३१ कार्यालये बंद केली. ओळखपत्र म्हणून बहुतेक लोक तोच परवाना दाखवतात. कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेल्या काउंट्यांना त्याचा मोठा फटका बसला. ओरड झाल्यावर राज्याने ही कार्यालये पुन्हा उघडण्याचे मान्य केले : महिन्यातून किमान एक दिवस.