घाम, साबण आणि संवेदनशील त्वचा

(फोंडा तालुक्यातील एका गावी महिला मंडळाच्या सभेत एका त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

आपल्याकडे एक समजूत फार पक्की आहे. गोव्याची हवा दमट, अंग घामाने सदैव ओलसर, तेव्हा कोरडी आणि चुरचुरणारी त्वचा हे दुखणे घाटापलीकडच्या लोकांचे, आपले नव्हे. प्रत्यक्षात ऐन एप्रिल-मे महिन्यांत माझ्याकडे येणारे कितीतरी लोक सांगतात की तोंड धुतले की चेहरा ताणल्यासारखा होतो, घाम आला की मानेला आग सुटते, काल-परवापर्यंत चालणारी क्रीम आज झोंबते. तपासायला जावे तर बऱ्याचदा साधा लाल चट्टाही दिसत नाही. डोळ्यांना काही दिसत नाही म्हणून घरची माणसे या तक्रारीला नखरा म्हणतात, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण ती आग आणि ती खाज खरी असते. वर काही दिसत नसतानाही आग होणे, टोचल्यासारखे वाटणे, खाज सुटणे, ताण जाणवणे, यालाच आम्ही संवेदनशील त्वचा म्हणतो.

हे का होते ते समजून घेऊ. तळहात आणि तळपाय सोडले तर त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर साधारण दहा ते वीस मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ असतो. त्यातील मृत पेशी चिऱ्यांसारख्या एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले यांचा गिलावा भरलेला असतो. गिलावा शाबूत असेल तोवर आतले पाणी आत राहते आणि बाहेरचा साबण, सुगंधी द्रव्ये, घामातले मीठ आतल्या मज्जातंतूंपर्यंत पोहोचत नाही. हा गिलावा तयार होण्यासाठी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, म्हणजे साडेचार ते साडेपाच पीएचच्या आसपास असावा लागतो. आपला नेहमीचा अंगाचा साबण नऊ ते दहा पीएचचा, म्हणजे चांगलाच अल्कधर्मी असतो. साबणाने धुतलेली त्वचा पूर्ववत आम्लधर्मी व्हायला काही तास लागतात, आणि तेवढ्यात आपण दुसऱ्या आंघोळीला उभे राहतो.

माझ्या मते गोव्यातले खरे दुखणे नेमके येथे आहे. उकाडा आहे म्हणून सकाळी आंघोळ, कामावरून आल्यावर आंघोळ, झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा, आणि प्रत्येक वेळी डोक्यापासून पायापर्यंत साबणाचा फेस. त्याने गिलावा झिजतो, मग घाम झोंबू लागतो, घाम झोंबतो म्हणजे अंग स्वच्छ नाही असे वाटते, आणि साबण आणखी जोराने घासला जातो. वास्तविक घाम म्हणजे बहुतांशी पाणी आणि मीठ, तो साध्या पाण्याने निघून जातो. आंघोळ तीनदा करायची तर जरूर करा, पण साबण एकदाच, तोही काखा, जांघा आणि पावले एवढ्यांपुरताच वापरा. पाणी कोमट असावे, आणि पावसाळ्यात कढत पाण्याखाली उभे राहण्याचा मोह आवरावा. साबणाच्या वेष्टनावर टीएफएम, म्हणजे एकूण मेदद्रव्याचे प्रमाण लिहिलेले असते. पहिल्या प्रतीच्या साबणात ते किमान ७६ टक्के असावे लागते. असा साबण हलक्या प्रतीच्या साबणापेक्षा बरा, मात्र तोही अल्कधर्मीच असतो. ज्यांची त्वचा फारच कुरकुर करते त्यांनी सिंडेट प्रकारची, म्हणजे साबणाऐवजी सौम्य कृत्रिम डिटर्जंटची वडी घ्यावी, कारण तिचा पीएच त्वचेच्या जवळ ठेवता येतो.

आंघोळीनंतर पंचाने घासून न पुसता अंग नुसते टिपावे आणि ते ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे. उन्हाळ्यात पातळ लोशन पुरते. डिसेंबर-जानेवारीत रात्री कोरडे वारे सुटले की थोडी जाड क्रीम घ्यावी. खोबरेल तेल पुष्कळांना मानवते आणि मी ते थांबवायला सांगत नाही, फक्त मे महिन्यात पाठीवर आणि छातीवर ते थापू नये, घामोळे वाढते.

आता हातांविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण समोर बसलेल्यांपैकी अनेकींचे हात दिवसभर पाण्यात असतात. एखादी गृहिणी हात पुढे करते तेव्हा मी आधी डाव्या हाताची बोटे पाहतो. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट, या तिघांचीच टोके कोरडी, जाड झालेली, बारीक भेगा पडलेली असतील आणि उजवा हात जवळजवळ निरोगी असेल, तर लसणीचा संशय घ्यावा. उजव्या हातात सुरी असते आणि लसणीची पाकळी डाव्या हाताची हीच तीन बोटे धरतात. कोळंबी सोलणाऱ्या आणि मासळी साफ करणाऱ्या हातांना मासळीतल्या प्रथिनांमुळे काही मिनिटांतच खाज सुटू शकते. अशा कामांसाठी आत सुती आणि वर रबरी असे दुहेरी हातमोजे वापरावेत, आणि आतला मोजा घामाने भिजला की बदलावा. चुलीजवळच्या फळीवर साध्या व्हॅसलिनची डबी ठेवली तर प्रत्येक वेळी हात कोरडे केल्यावर लावण्याची सवय जडते.

काजूचा हंगाम आला की वेगळेच रुग्ण येतात. काजूबीच्या टरफलात ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल ही दाहक द्रव्ये असतात. ओले काजूगर सोलणाऱ्यांच्या बोटांची साले निघतात ती त्यामुळेच, आणि सोलण्यापूर्वी बोटांना तेल किंवा राख लावण्याची जुनी रीत त्यासाठीच आहे. आंबा आणि बिब्बा हीदेखील काजूच्याच कुळातली झाडे आहेत. म्हणून ज्यांना काजूच्या टरफलातील तेलाची ॲलर्जी आहे त्यांच्या ओठांभोवती कैरीच्या चिकाने पुरळ उठू शकते, आणि टाचांच्या भेगांना बिब्बा लावणे तर कुणीच करू नये, त्याने भाजल्यासारखे फोड येतात. लिंबाचेही तसेच. लिंबाचा रस त्वचेवर राहिला आणि वर ऊन पडले तर एक-दोन दिवसांनी लाल चट्टे किंवा फोड उठतात आणि मागे काळे डाग कित्येक आठवडे राहतात. झाडाचे आहे म्हणून ते सौम्यच असेल, असे मुळीच नाही.

सर्वांत जास्त काळजी मला वाटते ती फार्मसीतून चिठ्ठीविना आणलेल्या मलमांची. पावसाळ्यात कपडे नीट वाळत नाहीत, ओलसर कपडे अंगावर राहतात आणि जांघेत किंवा कमरेवर गजकर्ण उठते. शेजारीण एक ट्यूब सुचवते, त्यात बुरशीनाशकाबरोबर तीव्र स्टिरॉइडही असते. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून तीच ट्यूब मग चेहऱ्यावर, मुलांच्या अंगावर, गोरेपणासाठीसुद्धा लावली जाते. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते, गालावर रक्तवाहिन्या दिसू लागतात, ट्यूब थांबवली की चेहरा लाल होऊन भडकतो. बुरशी तर दबून पसरलेलीच असते. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली ती याच कारणाने. ही विनवणी मी प्रत्येक सभेत करतो की चेहऱ्यासाठी अशी ट्यूब कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका, आणि महिनोन्महिने वापरत असाल तर एकदम बंद करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा.

नवीन काही वापरायचे असेल तर एका वेळी एकच वस्तू घ्यावी, आणि कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर सकाळ-संध्याकाळ आठवडाभर लावून पाहावी. सनस्क्रीन झोंबत असेल तर झिंक ऑक्साइडचे, सुगंध नसलेले निवडावे, एसपीएफ, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा आकडा, तीस पुरेसा आहे. केसांच्या काळ्या रंगातील पीपीडी या द्रव्याने आणि काळी मेंदी म्हणून विकल्या जाणाऱ्या लेपाने काहींना तीव्र ॲलर्जी येते. एकदा आली की ती सहसा आयुष्यभर राहते, म्हणून डोळे सुजणे किंवा टाळू पाझरणे हा प्रकार एकदा झाला असेल तर तो रंग पुन्हा वापरू नये.

आग पंधरा दिवसांत कमी झाली नाही, पाणी सुटू लागले किंवा खाजेने झोप उडाली, तर दवाखान्यात या. येताना घरातला साबण, तेल, क्रीम, टिकलीचे पाकीट आणि ती ट्यूब, सगळे एका पिशवीत घालून बरोबर आणा.