फोटोखालची ओळ

नमस्कार, श्रोते मैत्रिणींनो आणि मित्रांनो. शेतकरी म्हटलं की डोळ्यांपुढे कोण येतं? फेटेवाला बाप्या आणि त्याची बैलजोडी. पेपरात, टीव्हीवर आपण हेच बघत आलो. बाई दिसते ती मागे, भाकरी घेऊन बांधावरून येताना.

माझी आत्या निफाड तालुक्यात कांदा करते. एका जानेवारीत लागण चालू होती. आत्या चिखलात उभी, हातात फावडं, दारं धरत होती, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी सोडत होती. तेवढ्यात एका वर्तमानपत्राचे दोघं आले. फोटोवाला म्हणाला, "मावशी, फावडं काकांकडे द्या. तुम्ही रोपाची पाटी डोक्यावर घ्या. आणि जरा हसा." दिलं तिनं फावडं. घेतली पाटी.

मग वार्ताहरानं मामांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, विचारायला सुरुवात केली. रोप कधी टाकलं? मामा वळून म्हणाले, "कधी टाकलं गं?" एकरी खर्च किती? "किती आला गं?" आत्या सांगायची, मामा तेच पुन्हा सांगायचे आणि वार्ताहर मामांच्या नावानं लिहून घ्यायचा. बियाणं, खत, मजुरी, सगळा हिशेब आत्याच्या वहीत असतो. मामा तर तो कधी लपवतही नाहीत.

चार दिवसांनी फोटो छापून आला. खाली ओळ होती, 'शेतात पतीला मदत करताना गृहिणी'. आत्यानं ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. म्हणाली, "मदत? मदतीला शेजारीण येते. सावडीनं येते, आज ती माझ्याकडं, उद्या मी तिच्याकडं. दिवसभर रोप लावते, सांजेला घरी जाते. मी कुठं जाते?"

मदत नव्हे मंडळी, शेती. ती शेती करते.

2011 च्या जनगणनेत देशातल्या काम करणाऱ्या शंभर बायकांपैकी सुमारे 65 शेतात राबणाऱ्या होत्या, कुणी स्वतःच्या, कुणी दुसऱ्याच्या. आणि 2015-16 ची कृषिगणना सांगते की शंभर वहिवाटदारांत, म्हणजे शेत ज्यांच्या ताब्यात त्यांच्यात, बाया जेमतेम 14. राबायला 65, कागदावर 14. फोटोखालची ओळ या कागदावरूनच येते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे गावरान बियाणं जपत होत्या, तेव्हा कॅमेरे किती गेले? पद्मश्री मिळाल्यावर रांग लागली. एरवी बाईचा फोटो येतो तो घरधन्यानं आत्महत्या केल्यावर. पुरस्कार नाही तर दुःख. मधले सगळे दिवस कुणी दाखवत नाही.

1986 च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं होतं. आत्या तेव्हा नवी नवरी. सासूबरोबर गेली होती. संघटनेनं पुढे लक्ष्मीमुक्ती, म्हणजे जमीन बायकोच्या नावे करायची मोहीम, चालवली, तेव्हा अनेकांनी सातबारावर बायकोचं नाव लावलं. मामांनी मात्र परवा लावलं, चाळीस वर्षांनी. संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे महिला शेतकऱ्यांचं वर्ष जाहीर केलंय. आम्ही माइकवालेही 'शेतकरी बंधूंनो' म्हणून थांबतो. आजपासून मी 'भगिनींनो' आधी म्हणणार आहे.

या भाषणासाठी काल रात्री आत्याला फोन केला. म्हणाली, "सकाळी कर गं. आत्ताच लाईट आलीय, दारं धरायचीत."