कंबर गेली

पहाटेचे पाच वाजलेत. उसाच्या फडात अजून नीट दिसत नाही, पण कोयत्यांचा आवाज सुरू झालाय. ही जोडी बीड जिल्ह्यातून आलेली. ऊसतोडीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. दिवाळीच्या सुमारास घर सुटलं, आता कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मुक्काम कोपीत, तात्पुरत्या खोपटातच.

तो कसा वाकलाय ते बघा. ऊस अगदी जमिनीलगत तोडावा लागतो, कारण साखर बुडख्यात जास्त. म्हणून कंबरेतून पार घडी, आणि दर घावाला मनगटापासून कोपरापर्यंत हिसका. असं दिवसभर, चार-पाच महिने. मणक्यांमधल्या गाद्या दबतात, झिजतात. एखादी सरकली की कळ थेट पोटरीत उतरते. रात्री बोटांना मुंग्या येतात, सकाळी मूठ वळत नाही.

ती मागे पाचट काढतेय, वाढ्यांना, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांना, पीळ देऊन मोळी बांधतेय. मोळी ३० किलोच्या पुढची. दोघांनी दिवसात दोन टन तोडला, तर अशा ५०-६० मोळ्या. त्या डोक्यावर घेऊन गाडीला टेकवलेल्या अरुंद फळीवरून वर चढायचं. फळी पायाखाली लवते, गुडघा कापतो, मान आखडलेली. गरोदर बायाही याच फळीवरून चढतात. हे पाहून ज्याला ‘सवय असते त्यांना’ म्हणवतं, त्याने एकदा तिच्या मानेवर हात ठेवून बघावा. तिथला स्नायू दोरखंडासारखा कडक झालाय.

डॉक्टर विश्रांती सांगतात. पण मजुरी टनावर, अंगावर मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. मग दुकानातली वेदनाशामक गोळी चहासोबत पोटात जाते आणि दोघं पुन्हा फडात. पुढे एकाची कंबर कायमची धरली की कोयताच मोडतो. उचल मात्र फिटलेली नसते. अशा वेळी शाळेतलं पोर फडात येतं.

मनगटाचे, कोपराचे, गुडघ्याचे असे आजार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० साली सुधारलेल्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहेत. आपल्याकडे कामगार भरपाईच्या यादीत बगॅसोसिस आहे, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या धुळीने होणारा फुफ्फुसांचा आजार. तो कारखान्याच्या आतला. फडातल्या कंबरेला त्या यादीत जागा नाही. ती ‘गेली’ एवढंच म्हणतात, जशी काही आपल्या पायांनी गेली.

रात्र झाली. कोपीत तिने चुलीत वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि कंबरेखाली सरकवली. जरा डोळा लागतो न लागतो तोच बांधावर ट्रकचा हॉर्न. गाडी आत्ताच भरायची आहे. वीट बाजूला सारून ती अंधारात चाचपडत मोळीखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ शोधतेय.